मोठी संख्या मूळ आहे का? तपासणीचा बिनचूक क्रम, बार्शी-मोहोळच्या पिनकोडांवर करून पाहिलेला

गणिताच्या प्रकल्पात एखादी सहा-सात आकडी संख्या मूळ आहे की संयुक्त हे ठरवायला दिलं, की वहीत त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. भाग घालत जाणं मध्येच सोडून दिलेलं असतं. एका कसोटीत पास झालेल्या संख्येला थेट ‘मूळ’ म्हटलेलं असतं. आणि कॅल्क्युलेटरनं शेवटचे आकडे गाळलेत हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. तिन्ही चुका टाळायच्या तर कामाचा क्रम पक्का हवा.

उदाहरणांसाठी सोलापूर जिल्ह्यातले पिनकोड घेतले आहेत. सहा आकडी संख्या हाताने तपासायला पुरेशी मोठी असते, आणि बाजारातल्या साध्या कॅल्क्युलेटरच्या आवाक्यातही राहते. ^ ही खूण घातासाठी वापरली आहे: २^१० म्हणजे १,०२४. नुसतं ‘बाकी’ म्हटलं, की तपासायच्या संख्येने भागून उरलेली बाकी समजावी.

सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर तीन निकाल लिहून ठेवा: ‘संयुक्त, सिद्ध’, ‘बहुधा मूळ’ आणि ‘मूळ, सिद्ध’. कोणत्याही टप्प्यावर आपण या तिघांपैकी नेमके कुठे आहोत हे सांगता आलं पाहिजे. दुसऱ्यावर थांबून तिसरा लिहिणं ही या विषयातली सगळ्यात महाग चूक आहे.

## पूर्वतयारी

कॅल्क्युलेटर. दुकानात हिशेबाला असतो तो १२ आकडी कॅल्क्युलेटर घ्या. सहा आकडी बाकीचा वर्ग जास्तीत जास्त १२ आकडी येतो, म्हणून तो पडद्यावर पूर्ण मावतो. बहुतेक सायंटिफिक कॅल्क्युलेटर दहा आकड्यांच्या पुढे उत्तर दहाच्या घातात दाखवतात. शेवटचे आकडे दिसतच नाहीत, आणि आपल्याला तर नेमके तेच हवे असतात.

मूळ संख्यांची यादी. ६५० पर्यंतची यादी स्वतः चाळून तयार करा आणि मोजून पाहा: १०० पर्यंत २५, २०० पर्यंत ४६, ५०० पर्यंत ९५, ६५० पर्यंत ११८. मोजणी जुळली नाही तर यादीत खोटी संख्या घुसली आहे किंवा खरी सुटली आहे. घुसणाऱ्या बहुतेक ठरलेल्या असतात: ९१, ११९, १३३, १६१, २०३, २१७, २२१, २४७, २९९, ३२३, ३९१, ४०३, ४३७, ४९३, ५२७, ५८९. सोलापूरचा एसटीडी कोड २१७ दिसायला मूळ वाटतो, पण तो ७ × ३१ आहे.

एक्सेल वापरणार असाल तर आधी एका चौकटीत ९००७१९९२५४७४०९९३ टाका. मग वरच्या सूत्रपट्टीत (फॉर्म्युला बार) बघा: ९००७१९९२५४७४०९९० दिसेल. एक्सेल फक्त १५ आकडे सांभाळतं, पुढच्या जागी शून्य भरतं आणि त्याबद्दल काही सांगतही नाही. टाकलेली संख्या विषम होती, ३ ने भाग जाणारी होती. चौकटीतली सम झाली. यानंतर केलेल्या कोणत्याही तपासणीला अर्थ उरत नाही.

## टप्पा १: मर्यादा आधी काढा

संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतो. त्यामुळे भाग घालायची मर्यादा म्हणजे वर्गमूळ. ते आधी काढून वहीत चौकटीत लिहा.

बार्शीच्या पत्त्यांवर ४१३४०१ आणि ४१३४११ असे दोन पिनकोड दिसतात. ४१३४११ साठी ६४२² = ४,१२,१६४ आणि ६४३² = ४,१३,४४९. म्हणजे ६४२ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. यादीतली शेवटची ६४१. अशा एकूण ११६ आहेत.

तपासा: मर्यादेचा आणि तिच्या पुढच्या संख्येचा वर्ग, दोन्ही लिहा. तपासायची संख्या त्यांच्यामध्ये पडली पाहिजे. कॅल्क्युलेटरवरचं वर्गमूळ नुसतं उतरवून घेऊ नका. २५ आकडी संख्येला ते वर्गमूळ शेवटच्या आकड्यांत चुकलेलं असतं.

## टप्पा २: छोटे अवयव झटपट गाळा

२ आणि ५ साठी शेवटचा आकडा बघा. केगावच्या विद्यापीठाच्या पत्त्यातला ४१३२५५ इथेच संपला.

३ आणि ९ साठी अंकांची बेरीज. सोलापूरचा ४१३००१: बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो. पूर्ण अवयव ९ × १०९ × ४२१. सांगोल्याचा ४१३३०७: बेरीज १८, तोही गेला.

७, ११ आणि १३ एकाच वेळी बघता येतात, कारण ७ × ११ × १३ = १,००१. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडा आणि एकाआड एक वजा-बेरीज करा. सहा आकडी संख्येत दोनच गट असतात, म्हणून एकच वजाबाकी पुरते:

करमाळा ४१३२०३: ४१३ − २०३ = २१०. ७ ने भाग जातो, म्हणून ४१३२०३ लाही ७ ने जातो.
अकलूज ४१३१०१: ४१३ − १०१ = ३१२ = १३ × २४. १३ ने भाग जातो. पूर्ण अवयव १३ × ४३ × ७३९.
मोहोळ ४१३२१३: ४१३ − २१३ = २००. तिघांपैकी कुणीही जात नाही.
बार्शी ४१३४११: ४१३ − ४११ = २. कुणीही जात नाही.

गट डावीकडून पाडू नका. सहा आकडी संख्येत फरक कळत नाही, सात आकड्यांना उत्तर सरळ चुकतं.

पुढच्या मूळ संख्यांसाठी भागाकारच करावा लागतो. बाकी काढायची रीत एकच ठेवा: भागाकाराचा पूर्णांक भाग घ्या, भाजकाने गुणा, संख्येतून वजा करा. ४१३४११ ÷ ३७ = ११,१७३.२७…; ११,१७३ × ३७ = ४,१३,४०१; बाकी १०. दशांशाच्या पुढचा आकडा म्हणजेच बाकी, असं समजून ‘बाकी २७’ लिहिणं ही रोजची चूक आहे.

याच भागाकारात बार्शीचा दुसरा पिनकोडही निकालात निघाला: ४१३४०१ = ३७ × ११,१७३. सोलापुरातला ४१३००३ त्याच्याही आधी, १९ वर पडतो: १९ × २१,७३७.

सावधान: मोहोळचा ४१३२१३ शंभरच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांना दाद देत नाही. १०१ पासून १९१ पर्यंत कुणालाच देत नाही. १९३ वर मात्र बाकी शून्य येते: १९३ × २,१४१. ‘इतक्यांनी भाग गेला नाही, म्हणजे मूळच असणार’ हा अंदाज अशा संख्यांवर फसतो. मर्यादेपर्यंत जा, नाहीतर कोणताही निकाल न लिहिता पुढच्या टप्प्यावर चला.

## टप्पा ३: घाताची बाकी काढायला शिका

दहा-बारा आकड्यांच्या पुढे सगळे भाग घालत बसणं शक्य नसतं. तिथे कसोट्या लागतात, आणि त्या सगळ्या एकाच क्रियेवर उभ्या आहेत: प्रचंड घाताची बाकी काढणं. बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून ही क्रिया एकदा सबंध करून पाहू.

४१३४११ साठी २^२०६७०५ ची बाकी हवी आहे. घात पूर्ण काढायचा विचारही करू नका. त्याला साठ हजारांहून जास्त आकडे आहेत. घातांक निम्मा करत खाली या, अर्धा उरला तर सोडून द्या:

२०६७०५, १०३३५२, ५१६७६, २५८३८, १२९१९, ६४५९, ३२२९, १६१४, ८०७, ४०३, २०१, १००, ५०, २५.

आता उलटे वर चढा. प्रत्येक पायरीवर आधीच्या बाकीचा वर्ग करायचा. नवा घातांक विषम असेल तर वर्गाला २ ने गुणायचं. मग ४१३४११ ने भागून बाकी घ्यायची.

२^२५ = ३,३५,५४,४३२. त्यातून ८१ × ४,१३,४११ = ३,३४,८६,२९१ वजा केले, बाकी ६८,१४१.

२^५०: बाकी १,७६,९४०
२^१००: बाकी १,४८,५७०
२^२०१ (विषम): बाकी ४,०९,५७६
२^४०३ (विषम): बाकी ६२,२६९
२^८०७ (विषम): बाकी ९३,१८४
२^१६१४: बाकी ३,८६,६२३
२^३२२९ (विषम): बाकी २,४४,३०७
२^६४५९ (विषम): बाकी २,२१,०७०
२^१२९१९ (विषम): बाकी ३,००,२४८
२^२५८३८: बाकी ४५,४३३
२^५१६७६: बाकी ४,०९,७७७
२^१०३३५२: बाकी ३,९०,२१५
२^२०६७०५ (विषम): बाकी ४,१३,४१०

सुरुवात धरून अवघ्या चौदा ओळी. शेवटची बाकी संख्येपेक्षा बरोबर एकने कमी आहे, हे लक्षात ठेवा.

कष्ट वाचवणारी युक्ती: बाकी संख्येच्या निम्म्याहून मोठी आली तर ती संख्येतून वजा करून त्या छोट्या आकड्याचा वर्ग करा. ४,०९,५७६ ऐवजी ३,८३५ चा वर्ग केला तरी पुढची बाकी तीच येते, कारण वर्गात वजा चिन्ह निघून जातं.

प्रत्येक ओळीवर ९ ची कसोटी लावा. दोन्ही बाजूंच्या अंकांची बेरीज एक आकडा उरेपर्यंत करून ताळा बघायचा. पहिल्या वर्गात: ६८,१४१ चा ताळा २, त्याचा वर्ग ४. भागाकार ११,२३१ चा ताळा ८, ४१३४११ चा ५; ८ × ५ = ४०, ताळा ४. बाकी १,७६,९४० चा ताळा ९, म्हणजे शून्यच. ४ = ४ + ०, जुळलं. आकड्यांची अदलाबदल झाली असेल तर ही कसोटी ती पकडत नाही, एवढं ध्यानात असू द्या. एका ओळीतली चूक खालच्या सगळ्या ओळी नासवते, म्हणून ताळा न बघता पुढे जाऊ नका.

सावधान: संख्या ७,०७,१०६ पेक्षा मोठी असेल तर वर्गाची दुप्पट १२ आकड्यांत मावेलच असं नाही. तिथे आधी बाकी घ्या, मग दुप्पट करा, आणि लागलं तर पुन्हा बाकी घ्या.

## टप्पा ४: कसोटी लावा, पण फर्माची एकटी नको

फर्माची कसोटी सांगते की संख्या मूळ असेल आणि पाया तिच्या पटीत नसेल, तर पायाचा (संख्या − १) वा घात बाकी १ देतो. १ आली नाही तर संख्या संयुक्त, यात शंका नाही. १ आली तर? ३४१ = ११ × ३१ घ्या. २^१० = १,०२४ = ३ × ३४१ + १, म्हणून २^३४० ची बाकीही १. संख्या संयुक्त, तरी पास. ५६१ = ३ × ११ × १७ तर त्याहून वाईट: ३, ११ आणि १७ ने भाग न जाणारा कोणताही पाया घ्या, ती पासच होते. तिथे पाया बदलून उपयोग नाही.

म्हणून थेट मिलर-राबिन कसोटी वापरा. कष्ट तेवढेच, चाळणी मात्र बारीक.

१. संख्येतून १ वजा करा. २ ने जितक्या वेळा भाग जातो तितक्या वेळा घाला. किती वेळा गेला ते आणि शेवटी उरलेली विषम संख्या, दोन्ही लिहा.
२. पायाचा त्या विषम संख्येएवढा घात घेऊन बाकी काढा. ती १ किंवा (संख्या − १) आली तर पास, थांबा.
३. नाही आली तर बाकीचा वर्ग करत जा. एकूण वर्ग ‘किती वेळा’ पेक्षा एकने कमी. मध्ये (संख्या − १) आली तर पास.
४. (संख्या − १) न येता १ आली, किंवा वर्ग संपले, तर संख्या संयुक्त. हे सिद्ध आहे.

चौथ्या मुद्द्यावर हमखास घसरण होते. वर्ग करताना १ दिसली की पास म्हणायची सवय फर्माच्या कसोटीतून लागलेली असते. इथे १ उशिरा येणं म्हणजे नापास. ३४१ वरच बघा: ३४० = २ × २ × ८५. २^८५ ची बाकी ३२. ती १ नाही, ३४० ही नाही. वर्ग केला: १,०२४, बाकी १. संयुक्त. शिवाय अवयव हातात येतात: ३२ − १ = ३१ आणि ३२ + १ = ३३ यांचे ३४१ शी मसावि काढले की ३१ आणि ११. ५६१ साठी ५६० = १६ × ३५; २^३५ ची बाकी २६३, मग १६६, ६७, १. तिथेही ६६ आणि ६८ चे मसावि ३३ आणि १७ देतात.

आता बार्शी. ४१३४१० = २ × २०६७०५. २ ने एकदाच भाग गेला, म्हणून वर्ग करायचाच नाही. टप्पा ३ मध्ये बाकी ४,१३,४१० आली, म्हणजे (संख्या − १). पास. निकालाच्या रकान्यात इथे ‘बहुधा मूळ’ लिहायचं, त्याहून जास्त नाही.

एका पायावर विसंबू नये याचं सगळ्यात लहान कारण २,०४७ = २३ × ८९ हे आहे. २,०४६ = २ × १,०२३; २^११ = २,०४८, बाकी १; १,०२३ ला ११ ने भाग जातो, म्हणून २^१०२३ ची बाकीही १. संख्या संयुक्त, तरी पाया २ वर पास. पाया ३ घेतला की बाकी १,५६५ येते आणि बिंग फुटतं.

## टप्पा ५: किती पाये पुरेसे?

संख्या ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर ठरलेल्या पायांवर मिलर-राबिन पास होणं हाच मूळपणाचा पुरावा ठरतो. मर्यादा अशा:

पाया २: २,०४७ पेक्षा लहान संख्या
पाये २, ३: १३,७३,६५३ पेक्षा लहान
पाये २, ३, ५: २,५३,२६,००१ पेक्षा लहान
पाये २, ३, ५, ७: ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान
२ पासून ३७ पर्यंतचे बाराही मूळ पाये: ३१८६६५८५७८३४०३११५११६७४६१ पेक्षा लहान

प्रत्येक ओळीत ‘पेक्षा लहान’ आहे, ‘पर्यंत’ नाही. ३,२१,५०,३१,७५१ ही संख्या स्वतःच १५१ × ७५१ × २८,३५१ आहे आणि चारही पायांवर पास होते.

४१३४११ दुसऱ्या ओळीत बसते, म्हणून पाया ३ वरही कसोटी घ्यायची. ३^२०६७०५ ची बाकी १ येते. पास. आता ‘मूळ, सिद्ध’ लिहायला हरकत नाही. पायांची यादी मात्र निकालासोबत लिहाच, नाहीतर वाचणाऱ्याला पडताळता येत नाही.

## टप्पा ६: तक्त्याबाहेरच्या संख्येला दाखला

मोठ्या संख्येसाठी तक्ता संपतो. तिथे यादृच्छिक पाये कितीही घेतले तरी निकाल ‘बहुधा मूळ’ च राहतो. संख्या संयुक्त असेल तर एका यादृच्छिक पायावर ती निसटायची शक्यता फार तर चौथा हिस्सा, दहा पायांवर फार तर १०,४८,५७६ मध्ये एक. व्यवहाराला हे चालतं, पण तो सिद्धतेचा पुरावा होत नाही.

सिद्धतेची एक सुटसुटीत वाट पोक्लिंग्टनची. (संख्या − १) चे अवयव पाडा. त्यात वर्गमुळाहून मोठा मूळ अवयव सापडला, तर त्याला बाजूला ठेवून उरलेला गुणाकार घ्या. मग दोन गोष्टी दाखवायच्या: पायाचा (संख्या − १) वा घात बाकी १ देतो, आणि पायाचा ‘उरलेल्या’ एवढा घात घेऊन १ वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याचा तपासायच्या संख्येशी मसावि १ आहे.

४१३४१० = १० × ४१,३४१. इथे ४१,३४१ हा ६४३ पेक्षा कितीतरी मोठा. तो मूळ आहे का हे २०३ पर्यंतच्या ४६ मूळ संख्यांनी भाग घालून पाहता येतं. तो मूळ आहे. २^२०६७०५ ची बाकी (संख्या − १) होती, म्हणून तिचा वर्ग, म्हणजे २^४१३४१०, बाकी १ देतो. आणि २^१० − १ = १,०२३ = ३ × ११ × ३१; या तिघांपैकी कुणीही ४१३४११ ला भाग देत नाही. संख्या मूळ. ११६ भागाकारांऐवजी ४६ भागाकार आणि चौदा ओळी.

सावधान: मोठा अवयव ‘बहुधा मूळ’ असून चालत नाही. त्याचा स्वतःचा दाखला आधी हवा, आणि तो दाखला वहीत मुख्य दाखल्याच्या वर लिहा.

(संख्या − १) चे अवयव पडतच नसतील तर ही वाट बंद. मग लंबवर्तुळी वक्रांवर आधारलेली सिद्धतेची प्रणाली संगणकावर चालवावी लागते. कानपूरच्या अगरवाल, कयाल आणि सक्सेना यांची २००२ ची पद्धत सिद्धान्ताच्या दृष्टीने फार मोलाची आहे. प्रत्यक्ष तपासणीला मात्र ती हळू पडते, म्हणून प्रकल्पात ती चालवत बसू नका.

## टप्पा ७: मर्सेन संख्यांची वेगळी वाट

कोट्यवधी आकड्यांच्या मूळ संख्या सापडतात त्या बहुतेक २^घातांक − १ या साच्यातल्या (यांनाच मर्सेन संख्या म्हणतात), कारण त्यांच्यासाठी लुकास-लेमर नावाची खास कसोटी आहे आणि ती पूर्ण सिद्धता देते. क्रम असा ठेवा.

आधी घातांक मूळ आहे का पाहा. संयुक्त असेल तर काम संपलं, संख्या संयुक्तच.

मग छोटे अवयव. इथे कोणत्याही मूळ संख्येने भाग घालत बसू नका. घातांक विषम मूळ असेल तर मूळ अवयव (२ × घातांक × काहीतरी + १) असाच असतो, आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च देतो. घातांक २९ घ्या, संख्या ५३,६८,७०,९११. उमेदवार ५९ (८ ने बाकी ३, सोडा), ११७ (बाकी ५, सोडा), १७५ (मूळ नाही, सोडा), २३३ (बाकी १, घ्या). २३३ ने भाग जातो. पहिलाच प्रत्यक्ष भागाकार कामी आला.

मग लुकास-लेमर. ४ पासून सुरुवात. प्रत्येक पायरीवर वर्ग करा, २ वजा करा, बाकी घ्या. पायऱ्या घातांकापेक्षा दोनने कमी. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर संयुक्त.

घातांक ७, संख्या १२७, पायऱ्या ५: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ.
घातांक ११, संख्या २,०४७, पायऱ्या ९: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १,८७७, २४०, २८२, १,७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त.

चुका ठरलेल्या: सुरुवातीचा ४ पायरी म्हणून मोजणं, आणि ही कसोटी भलत्याच साच्यातल्या संख्येला लावणं. घातांक २ हा अपवाद. तिथे संख्या ३ आहे हे नुसतं लिहा. आणि संयुक्त निघाली तरी ही कसोटी अवयव सांगत नाही, हेही ठाऊक असू द्या.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० आकड्यांची आहे. तिच्यावर आधी ‘बहुधा मूळ’ ठरवणारी कसोटी चालली आणि मग वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रणालींनी लुकास-लेमर. एवढ्या लांबच्या गणितात यंत्रही एखादा आकडा चुकवू शकतं, म्हणून एकाच यंत्राचा निकाल धरत नाहीत.

आकडे किती ते स्वतः मोजायचं असेल तर घातांकाला २ च्या लॉगॅरिदमने गुणा, पूर्णांक भाग घ्या, १ मिळवा. पण लॉग टेबलातला ०.३०१०३ इथे पुरत नाही: त्याने ४,१०,२४,३२१ येतात, एक आकडा जास्त. ०.३०१०२९९९५७ घेतला की ४,१०,२४,३२० बरोबर जुळतात. संख्येची फाइल उतरवली असेल तर आणखी दोन खुणा तपासा: शेवटचे आकडे ५१ असले पाहिजेत, आणि सगळ्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावर बाकी ४ आली पाहिजे. फाइल अर्धवट उतरली असेल तर इथे बहुधा लगेच कळतं.

## टप्पा ८: संगणकावर तेच काम

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पाव (pow) हे फंक्शन तीन आकडे घेतं: पाया, घातांक आणि ज्याने भागायचं ती संख्या. तिन्ही एकाच वेळी द्या. आधी घात काढून मग बाकी मागितली, तर संगणक तो अवाढव्य घात खरोखर बांधायला बसतो आणि अडकतो. भागाकाराला दुहेरी तिरकी रेघ (//) वापरा; एकेरी रेघ दशांशात उत्तर देते आणि साधारण १६ आकड्यांपुढे खोटं बोलू लागते. वर्गमुळासाठी पूर्णांक वर्गमुळाचं इस्क्वर्ट (isqrt) हे फंक्शन घ्या, अर्धा घात घेऊ नका.

सिम्पाय (SymPy) या पायथनच्या गणिती संचातल्या इझप्राइम (isprime) फंक्शनने २^६४ पर्यंत दिलेला निकाल पक्का असतो. त्यापुढे ते बेली-पोमेरान्स कसोटीवर चालतं. तिला फसवणारी संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही, पण ती सिद्धताही नव्हे. पारी-जीपी (PARI/GP) या गणिती प्रणालीत दोन वेगळी फंक्शनं आहेत: इसप्स्यूडोप्राइम (ispseudoprime) ‘बहुधा मूळ’ सांगतं, इसप्राइम (isprime) सिद्धता देतं. वहीत कोणतं वापरलं ते लिहिलं नसेल तर निकाल वाचताच येत नाही.

स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम खऱ्या संख्येवर सोडण्याआधी त्याला ३४१, ५६१, १,७२९, २,०४७ आणि ४१३२१३ द्या. पाचही संयुक्त निघायला हव्यात. मग १२७ आणि ४१३४११ द्या. दोन्ही मूळ निघायला हव्यात. शेवटी १ आणि २. १ ला मूळ म्हणणारे आणि २ ला ‘सम आहे’ म्हणून हाकलणारे प्रोग्रॅम फार आढळतात.

## टप्पा ९: निकाल लिहिताना

एक ओळ पुरते, पण तिच्यात संख्या, मर्यादा, पद्धत, पाये, शेवटच्या बाक्या आणि तीनपैकी निकाल एवढं सगळं यायला हवं. बार्शीसाठी ती अशी:

४१३४११; वर्गमुळाची मर्यादा ६४२; मिलर-राबिन, ४१३४१० = २ × २०६७०५; पाया २, बाकी ४१३४१०; पाया ३, बाकी १; संख्या १३,७३,६५३ पेक्षा लहान; मूळ, सिद्ध.

आणि मोहोळसाठी: ४१३२१३, मर्यादा ६४२, १९३ × २,१४१, संयुक्त, सिद्ध. संयुक्त संख्येचा अवयव मिळाला असेल तर दुसरं काहीच लिहायची गरज नाही, गुणाकार करून पाहिला की पडताळणी झाली.